पहिली आंघोळ

२ डिसेंबर, उमरखेड
आजपासून वाचून दाखवणं बंद. जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या, पोरींना सांगितलं, वॉर्डात नुसती 'असंच करतात' म्हणून चालणारी एक सवय पकडा, तिला पुरावा आहे का ते शोधा आणि मला शिकवा. पोरी एकमेकींची तोंडं बघत बसल्या. दोष आमचाच. उतरवून घ्यायचीच सवय लावली.

९ डिसें.
बाभुळगावकडच्या तांड्यावरची पायल राठोड. विषय: जन्मताच बाळाला आंघोळ. सलाइनच्या दोन बाटल्यांत कोमट पाणी, एक ओल्या फडक्यात, एक कोरड्या. शेवटी पोरींनाच हात लावून बघायला लावलं. ओली केव्हाच गार. निदान चोवीस तास थांबायचं, बाळ आईच्या छातीशी ठेवायचं, म्हणाली. टाळ्या. मीही वाजवल्या.
ढाणकी, माझी पहिली नोकरी, जानेवारी. सुनंदा नावाच्या बाईचं बाळ छान रडलं होतं. मीच न्हाऊ घातलं. संध्याकाळी गार पडलं, पहाटे गेलं. आणि मी त्या बाईला विचारलं, थंड पेरू-बिरू खाल्लास का? खाल्ला होता तिने, एक फोड.

१० डिसें.
तीच सुनंदा आता आमच्या मेसमध्ये पोळ्या लाटते. पोरी पेरू चिरायला बसल्या की उठून जाते. आज पायलने कारण विचारलं. "माह्या पेरूनंच गेलं लेकरू." मी ताटात बघत जेवले. लाज वाटली स्वतःची.

१३ डिसें.
पायल: मॅडम, तुम्हीपण घालायच्या आंघोळ?
म्हटलं, सगळ्याच घालायच्या. आणि हजेरीचं पुस्तक उघडलं.

१६ डिसें.
दुपारी मेसमध्ये मी आणि सुनंदा दोघीच. सांगून टाकलं. आंघोळीनेच गेलं असं छातीठोक नाही सांगता येत, पण गार पडलं असणार त्यानेच. पेरूने नक्कीच नाही. माफ कर म्हटलं.
लाटणं थांबलं. "तुमीच तं इचारलं होतं, बाई." मग, "सासूनं मले मरेपर्यंत आयकवलं." उरलेल्या पोळ्या लाटल्या, हात धुतले, गेली.

१९ डिसें.
पायलचं पोस्टर प्रसूती कक्षाच्या दारावर लागलं. खाली मार्गदर्शक म्हणून माझं नाव. काढ म्हटलं, तर तिला वाटलं मी लाजतेय.
सुनंदा तीन दिवस कामावर नाही. फोन वाजतो, उचलत नाही. उद्या सकाळच्या एसटीने ढाणकीला, तिच्या घरी जाते. दार उघडलं तर काय बोलायचं, ते अजून...