एकोणचाळीस पत्ते

तुबली, बहारीन
शुक्रवार, २१ नोव्हेंबर

प्रिय सबा,

अर्शद सोमवारी घरी निघतोय. त्याच्या बॅगेत तुझ्यासाठी बिस्किटांचा निळा डबा ठेवलाय. आत बिस्किटं नाहीत, तेव्हा पाहुण्यांसमोर उघडून माझी फजिती करू नकोस. आत तुझे पक्षी आहेत, आणि त्यांच्यावर हे पत्र. तू सप्टेंबरपासून माझा फोन उचलत नाहीस. मेसेज वाचतेस हे दिसतं, पण उत्तर येत नाही. म्हणून म्हटलं, कागदावर लिहावं. तुझं मराठी वाचन अजून गोगलगाईच्या चालीनं चालत असेल, तरी अम्मीकडून वाचून घेऊ नकोस. वेळ लागू दे, पण एकटीच वाच.

आज दुपारच्या, असरच्या नमाजनंतर हूऱ्यात गेलो होतो, रहिमतुल्लाच्या पत्त्यांच्या दुकानात. नऊ वर्षांनी तो जिना चढलो, गुडघे कुरकुरले. वर सगळं तसंच आहे, तीच लांब टेबलं आणि एसीखालची ती बादली. रहिमतुल्लानं मला ओळखलं, पण माझ्या मागे कोणी येतंय का हे आधी पाहिलं. मग विचारलं, “ताहिरभाई, बेटी किधर है?” मी म्हटलं, गावाला, शादी है. तो खूश झाला आणि चहा मागवला. मला मात्र तो चहा गोड लागला नाही.

पहिल्यांदा तुला तिथे नेलं तेव्हा मी किती कटकट केली होती, आठवतं? आमच्या दाभोळात पत्ते म्हणजे जेटीवरच्या रिकामटेकड्यांचा उद्योग. पण हे पत्ते निराळे निघाले. प्रत्येकानं अदलाबदल करून आपापले चाळीस पत्ते जमवायचे आणि तेच घेऊन समोरच्याशी लढायचं. बाकीची पोरं ड्रॅगन आणि राक्षस जमवायची, तू पक्षी जमवलेस. पत्त्यांवरची नावं इंग्रजी होती, मी त्यांना आपल्याकडची दिली. खंड्या, टिटवी, बुलबुल, बगळा. तू माझं मराठी ऐकून इंग्रजीत उत्तर द्यायचीस, पण टिटवीला टिटवीच म्हणायचीस. गॅरेजच्या स्टोअरमध्ये ब्रेक पॅड मोजताना ते आठवलं की मी एकटाच हसतो. हाताखालच्या लोकांना वाटतं, म्हातारा गेला कामातून.

मग दादी अंथरुणाला खिळली, आणि तू आणि अम्मी गावाला गेलात. विमानतळावर तू हा डबा माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, “अब्बा, डोन्ट लूज माय बर्ड्स.” तू चौदा वर्षांची होतीस. सुट्टीत परत येईन म्हणालीस, पण दादीचं दुखणं लांबलं, तुझी शाळा तिकडचीच झाली. मग ठरलं की मीच येत जायचं. तुझे पक्षी मी हरवले नाहीत, सबा. तेवढं एक तरी मी धड केलं.

आज मी तुझ्याच पत्त्यांनी खेळलो. पक्ष्यांची खुबी तू मला शिकवली होतीस. एकेकटा पक्षी दुबळा, कोणीही त्याला चिरडावं. पण त्याला टेबलावर उतरवायचं आणि चिरडला जाण्याआधी हातात परत घ्यायचं. दरवेळी परत आला की तो सोबत एक नवा पत्ता आणतो. समोरच्याला वाटतं आपण पळतोय, आणि आपला हात भरत जातो. सगळ्यांत मोठा तो समुद्रगरुड. तो उतरायचा असेल तर निदान दोन पक्षी हातात परत घ्यावे लागतात, आणि जितके जास्त पक्षी परत येतील तितका त्याचा जोर मोठा. तू नेहमी दोनांवरच त्याला उतरवायचीस. मी म्हणायचो, अगं थांब, पाच होऊ दे, मग एका फटक्यात खेळ खलास. तू खांदे उडवायचीस आणि जिंकायचीस.

माझ्यासमोर इरम नावाची एक मुलगी बसली होती, आठवीत असेल, केस तुझ्यासारखेच कानामागे खोचलेले. पहिल्या वाटपातच गरुड माझ्या हाती आला. दोन पक्षी परत आले, म्हटलं तीन होऊ दे. तीन झाले, म्हटलं अजून एक. चौथ्याच्या वाटेवर तिनं माझं टेबल झाडून काढलं. हरल्यावर मी हातातले पत्ते उघडे ठेवले, तर तिनं गरुडाकडे बोट दाखवून विचारलं, “अंकल, ये कब से हाथ में था?” मी म्हटलं, शुरू से. तिला खरंच कळेना. “फिर खेला क्यों नहीं?”

मी जन्मभर हातचं राखूनच खेळलो. घराची स्लॅब पडू दे, मग कायमचा येतो. विहिरीवर पंप बसू दे. सबाचं कॉलेज होऊ दे. हा एक कॉन्ट्रॅक्ट संपू दे. दरवेळी कारण खरं होतं, म्हणून तर मला स्वतःचा राग आला नाही. आणि मध्यंतरी मी सामान पाठवत राहिलो. इथून कोणीही निघालं की त्याच्या बॅगेत आपलं काहीतरी कोंबायचं, ही आपल्या लोकांची रीतच. नावेदबरोबर दूध पावडर आणि अत्तर, अर्शदबरोबर तुझे बूट. त्या बुटांसाठी मी अम्मीकडून कागदावर तुझ्या पायाचं माप मागवलं होतं. केवढा वाढलेला पाय तो, मी कितीतरी वेळ त्या कागदावर हात ठेवून बसलो होतो. मला वाटायचं, बॅग पोचली म्हणजे मी पोचलो.

सप्टेंबरात तुझी मंगनी झाली. मी येतो म्हणालो होतो, रजाही मंजूर होती, पण फोरमन आजारी पडला आणि मी साहेबाला नाही म्हणू शकलो नाही. तुझ्यासाठी घड्याळ पाठवलं, अर्शदच्याच हाती. त्या संध्याकाळी तुझा फोन आला. तू रडली नाहीस, ओरडली नाहीस. एवढंच म्हणालीस, “अब्बा, यू सेंड एव्हरीथिंग विथ समवन. यू नेव्हर सेंड यू.” घड्याळ तू हातात घातलं नाहीस, हे अम्मीनं नंतर सांगितलं. मला वाईट वाटलं, पण खरं सांगू, घातलं असतंस तर जास्त वाटलं असतं. आणि गेल्या आठवड्यात अम्मीनं आणखी एक सांगितलं. अकरा जानेवारीच्या निकाहात माझ्या जागी बासित चाचाला बसायला तू सांगितलंस. काझीसमोर तुझ्यातर्फे तोच बोलेल. अब्बांची वाट बघून कोणाला खोळंबवायचं नाही, असं म्हणालीस म्हणे. बासित भला माणूस आहे. तो ती जागा नीट सांभाळेल. पण ते ऐकल्यापासून मला जेवण जात नाही, सबा. तुझ्या वतीनं बोलायची ती जागा माझी आहे, आणि ती मीच घालवत आणली.

आज दुकानातून निघालो तो सरळ साहेबाच्या घरी गेलो, बुदैयाला. कामाचा राजीनामा दिला. रजा मागितली नाही. साहेब म्हणाला, मार्चपर्यंत थांब, माणूस मिळू दे. मी नाही म्हणालो, आणि एवढी वर्षं या एका शब्दाला मी का घाबरलो ते कळेना. वीस डिसेंबरचं तिकीट काढलंय, जाण्याचं, परतीचं नाही. तू म्हणशील वरातीमागून घोडं, आणि याआधी तीनदा असंच ऐकलंय. बरोबर आहे. माझ्या शब्दावर विश्वास ठेव असं मी म्हणतच नाही. तू फक्त डब्यातले पत्ते मोज. एकोणचाळीस भरतील. समुद्रगरुड मी अर्शदच्या हाती दिलेला नाही, तो माझ्या शर्टाच्या खिशात आहे आणि माझ्याबरोबरच येईल. चाळीस झाल्याशिवाय खेळ मांडायचा नाही, हा नियम तूच मला शिकवलास. बासितचं अजून पक्कं करू नकोस. वीस तारखेपर्यंत तेवढी जागा रिकामी ठेव.

तुझाच,
अब्बा