जावयाचं आभाळ

११ नोव्हेंबर, सोमवार
जावईबापूंनी आज माझं वजन विचारलं. सकाळच्या चहाला, लेकीसमोर, नातीसमोर. म्हणे आपल्याला समुद्रावर न्यायचं ते क्लबचं विमान जेमतेम चार जणांचं, प्रत्येकाचं वजन धरून हिशोब करावा लागतो. बाईमाणसाला वय आणि वजन विचारू नये, हे आम्हाला नन्सनी पाचवीत शिकवलं. वैमानिकांच्या शाळेत तो तास नसावा.
बासष्ट, मी म्हणाले. एकेकाळी होतंच.
त्यांनी मान डोलावून लिहून घेतलं. गुणी आहेत तसे.

१२ नोव्हेंबर
पाऊस. समुद्र लांबला.

१३ नोव्हेंबर
पाऊस नाही, ऊन नाही, डोक्यावर नुसतं ओलं फडकं पिळायला ठेवल्यासारखं आभाळ. उरलीसुरली पानं अंगणात कुजताहेत. जावईबापू दर थोड्या वेळाने खिडकीशी जातात आणि जाहीर करतात, "ढग फार खाली आहेत." ते माझ्यासारख्या निवृत्त मास्तरणीलाही दिसतं. त्याला लायसन्स लागत नाही.
नात पोहण्याचा चष्मा लावून जेवते. दक्षिणेला अजून ऊन आहे असं कुणीतरी तिला सांगून ठेवलंय. पोरीने आजवर समुद्र पाहिलेला नाही, आणि रविवारी सुट्टी संपते.

१४ नोव्हेंबर
उघडलं एकदाचं! बॅगांसकट धावपट्टीवर गेलो. धावपट्टी म्हणजे ओल्या गवताचं कुरण, टोकाला उंच झाडांची रांग. सगळ्यांच्या आधी मला मागच्या सीटवर चढवलं. मी टेकले मात्र, विमानाने शेपूट जमिनीला लावली आणि नाक वर केलं. मला पाहून नाक वर करणारी माणसं पुष्कळ भेटली, यंत्र हे पहिलंच.
जावईबापू त्या झाडांकडे पाहत राहिले, मग आभाळाकडे. "आई, हवा काही बरोबर वाटत नाही."
तेवढ्यात शेजारचा दातांचा डॉक्टर बायकोला घेऊन आमच्या डोळ्यांदेखत उडाला. त्याची हवा वेगळी असणार.

१५ नोव्हेंबर
लख्ख ऊन. आज म्हणे वारा आहे. मी मुद्दाम चादरी वाळत घातल्या. एकीचं टोक हललं असेल तर शपथ.
"आजी, बाबा घाबरतो का गं?"
"वैमानिक घाबरत नाहीत, बाळ. ते फक्त खिडकीत उभे राहतात."

दुपारी चहा करायला निघाले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थबकले. आत लेक म्हणत होती, "अरे, सांगून टाक ना तिला."
"काय सांगू? ‘बासष्ट किलोला शेपूट टेकत नसते, आई’ असं? तू सांग. तुझी आई आहे."
"मी? मला याच घरात राहायचंय."
"आणि मी खोट्या आकड्यावर हिशोब करू? ओलं गवत, पुढे ती झाडं, मागे आपली पोर?"
लेकीने नळ सोडल्याचा आवाज आला.
"तर मग हवा खराब आहे," जावईबापू म्हणाले. दमलेल्या आवाजात.

चहा राहिलाच. खोलीत येऊन बसले. काय माणूस आहे! सासूला खोटं पाडायला नको, म्हणून गेले दोन दिवस भर दुपारच्या सूर्याला खोटं पाडतोय. आणि मी त्याला नातीसमोर भित्रा ठरवून मोकळी.

१६ नोव्हेंबर
सकाळी न्हाणीघरातला वजनकाटा उचलून त्यांच्या खोलीच्या दाराशी मांडला, वर उभी राहिले आणि हाक मारली. "जावईबापू, चष्मा लावून या."
आले. वाकले. वाचलं. आकडा इथे लिहिणार नाही.
माझी मोठी बॅग आणि स्वतःचं मासे धरायचं सामान त्यांनी मुकाट्याने कपाटात सारलं. मग, पडदे अजून बंद असतानाच, म्हणाले, "आई, आज हवा छान आहे."