उलट्या आट्यांचा वॉल्व्ह

तीर्थरूप मामांना,

जावयाचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा, तुमची दाढ आणि ज्याच्या घरी सध्या राहता त्या धाकट्या जावयावरचा तुमचा राग, तिन्ही एव्हाना उतरणीला लागले असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे ठीक. ही ठीक, मुली ठीक, नळाला पाणी ठीक (ते मीच सोडतो, तेव्हा त्यात कौतुक नाही). फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्हाला माझं अर्धंच ऐकू येतं आणि हिचं मात्र सगळं ऐकू येतं. महिन्याभरापूर्वी हिने तुम्हाला सांगितलं की मी साहेबांशी वाकड्यात शिरलो, माझी वॉल्व्ह फिरवायची चावी काढून घेतली आणि मला तक्रारींच्या टेलिफोनवर बसवलं. हे सगळं खरं आहे. पण त्यावर तुम्ही जे म्हणालात, की त्याला म्हणावं माफी माग आणि मोकळा हो, ते मला मान्य नाही. मामा, तुम्ही मला मुलगी दिलीत, खात्यात चिकटवलंत, चावीच्या दांड्याला कान लावून जमिनीखालचं पाणी ऐकायला शिकवलंत. माफी मागायला तेवढं शिकवलं नाहीत, आणि आता या वयात मी काही नवीन शिकणार नाही.

झालं ते असं. चार महिन्यांपूर्वी आमच्या बांधकाम खात्याच्या पाणी विभागात नवे साहेब आले. कडक इस्त्री, मऊ बोलणं. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे वाचून तुम्हाला तसं वाटेल. आल्या आल्या त्यांनी विचारलं, शहरात वॉल्व्ह कुठेकुठे आहेत याची नोंद कुठल्या वहीत आहे. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, वही नाही साहेब, डोकं आहे. (अगदी नम्रपणे म्हटलं. शिपाई हसला, त्याला मी काय करणार.) साहेब म्हणाले, डोकं निवृत्त होतं. मग त्यांनी बाहेरची माणसं बोलावून कॉम्प्युटरवर नकाशा करून घेतला. ती माणसं तीन दिवस गाडीतून शहर फिरली (काचा वर होत्या, मी स्वतः पाहिलंय), आणि महिन्याभरात साहेबांच्या खुर्चीमागे भिंतभर रंगीत नकाशा लागला. तेव्हापासून खात्यात त्यांना सगळे नकाशेसाहेब म्हणतात. त्यांना हे ठाऊक नाही. असेलही.

नकाशा दिसायला फार देखणा होता, मामा. निळ्या रेषा म्हणजे पाणी, लाल ठिपके म्हणजे वॉल्व्ह. मी चष्मा लावून दुपारभर त्याच्यासमोर उभा राहिलो आणि एकेचाळीस चुका काढल्या. एक वॉल्व्ह शिंप्याच्या दुकानात, बरोबर मशीनखाली. एक मेन लाइन वाचनालयाच्या मधून आरपार गेलेली. तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत कायमचा बंद केलेला पूल-नाक्याचा वॉल्व्ह चालू. आणि लाँड्रीच्या कोपऱ्यावरचा आपला उलट्या आट्यांचा वॉल्व्ह, ज्याच्यापायी तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात सगळ्यांसमोर झापलं होतंत, तो चक्क सरळ दाखवलेला. जगातले वॉल्व्ह उजवीकडे फिरवले की बंद होतात आणि हा एकटा उघडतो, हे त्या ठिपक्याला कोण सांगणार? आणि खाली लिहिलेलं, ‘प्रत्यक्ष पाहणी केली, नकाशा बरोबर आहे.’ त्याखाली आम्हा सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या. बाकीच्यांनी ओळीने केल्या. फिटरने तर न वाचता दोन ठिकाणी केली.

मी म्हटलं, मी करणार नाही.

“सही करायला काय जातं?” साहेबांनी विचारलं.

“सहीच जाते, साहेब.”

दुसऱ्या दिवशी मेमो. वरिष्ठांचा आदेश मोडला, नव्या पद्धतीला आडकाठी केली, आणि (हे मला फार लागलं) ‘माहिती स्वतःपाशी दडवून ठेवली’. मी काय जमिनीत पुरली होती का? ती खात्यानेच पुरलीय. तुमच्या वेळेसारखंच अजून चाललंय. रस्ता विभाग आणि पाणी विभाग एकाच मजल्यावर समोरासमोर, मधे आठ पावलांचा बोळ, पण रस्त्यावर डांबर ओतण्याआधी आमच्या वॉल्व्हची झाकणं वर उचलून घ्या एवढं सांगायला आम्हाला पत्र लिहावं लागतं. ते पत्र आवक विभागात जातं आणि डांबर रस्त्यावर जातं. डांबर आधी पोचतं. असो. माझी चावी, तीच, तुमच्या हातची, मूठ झिजलेली, साहेबांच्या कपाटात गेली, आणि मी टेलिफोनवर.

नऊ दिवस मी टेलिफोनवर होतो आणि मेमोला एका ओळीचंही उत्तर दिलं नाही. ही रोज डबा देताना विचारायची, आज देणार का? मी म्हणायचो, नाही. मग ती डब्याचं झाकण जरा जोरात लावायची.

दहाव्या दिवशी दवाखान्यासमोर गळती लागली. नेमके मोठे साहेब पाहणीला आलेले, तेव्हा नकाशेसाहेबांनी ठरवलं की नकाशा किती कामाचा आहे ते आत्ताच दाखवावं. नवीन चावी, दोन माणसं, नकाशाची घडी आणि मोठे साहेब असे सगळे लाँड्रीच्या कोपऱ्यावर गेले. मी तिथे नव्हतो, पण मला टेलिफोनवरून सगळं दिसत होतं. आधी लाँड्रीवाल्याचा फोन, रस्त्यावर पाणी वाढलंय. म्हणजे चार आटे फिरले. मग दवाखान्यातल्या नर्सबाई, समोर कारंजं उडतंय, बाकावरचे पेशंट आत घ्यावे लागले. म्हणजे नऊ. (तो वॉल्व्ह आपण कायम अर्धाच ठेवतो हे त्यांना कुठे ठाऊक? पाणी वाढतंय म्हणून ते बिचारे आणखी आवळत होते, आणि आवळतील तसं ते आणखी वाढत होतं.) मग तिसऱ्या मजल्यावरच्या त्या आजींचा फोन आला, ज्या गेली अकरा वर्षं दर सोमवारी तक्रार करतात. त्या दिवशी सोमवार नव्हता. म्हणाल्या, “अहो, माझ्या नळाला पाणी आलंय. कुणी केलं हे? त्यांना म्हणावं, असंच राहू द्या.” मी त्यांचं म्हणणं रजिस्टरात शब्दशः लिहून घेतलं.

त्यानंतरचा फोन साहेबांचाच. मागे पाण्याचा एवढा आवाज की ते नदीकाठी उभे आहेत असं वाटावं.

“चावी घेऊन ताबडतोब या.”

“चावी तुमच्या कपाटात आहे, साहेब.”

“मग कपाट उघडा.”

“किल्ली तुमच्या खिशात आहे.”

“जीप पाठवतो,” ते पाण्यावरून ओरडले.

जीप किल्ली घेऊन आली आणि मला घेऊन गेली. मामा, खोटं सांगणार नाही, जाताना मनात लाडू फुटत होते. पण तिथे पोचलो आणि पाहिलं तर नकाशेसाहेब छातीपर्यंत भिजलेले, हातात नकाशाचा लगदा, आणि तशातही दवाखान्याच्या पायरीवरच्या एका म्हातारबुवांना हात देऊन वर घेत होते. मग माझी बोलायची सगळी तयारी फुकट गेली. मी चावी लावली, कान लावला आणि डावीकडे फिरवायला लागलो. तेविसाव्या आट्याला पाणी थांबलं. मोठ्या साहेबांनी रुमाल पिळत विचारलं, हा माणूस टेलिफोनवर का होता. दोन्ही माणसं झाकण बसवायला धावली. मी नुसती चावी पुसत राहिलो, हे लक्षात घ्या.

दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावून चक्क खुर्ची दिली. नकाशेसाहेब म्हणाले, चुका दाखवा, मी दुरुस्त करतो. मी म्हटलं, आधी मेमो मागे घ्या, आणि तोंडी नाही, लेखी. त्यांनी माझ्यासमोर लिहून दिलं. ‘दडवून ठेवली’ हे शब्द त्यांनी स्वतः खोडले. मग तीन आठवडे आम्ही दोघं उन्हातून पायी फिरलो, मी दाखवायचो आणि ते ठिपका हलवायचे. आता त्यांनाही दांड्याला कान लावता येतो. थोडंफार ऐकू येतं म्हणतात.

तेव्हा हिच्या सांगण्यावर जाऊ नका. तुमचा जावई वाकला नाही, शहरातल्या दोनशे बारा वॉल्व्हांपैकी एकेक वॉल्व्ह त्याला पाठ आहे, आणि हे मी मोठ्या साहेबांसमोर, भरल्या ऑफिसात, छाती पुढे काढून सांगितलं आहे. माफीचा विषय इथे संपला.

गुडघ्याला शेक चालू ठेवा. मुलींचा नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक (फक्त घरात),
थोरला जावई

ता. क. : एक किरकोळ विचारायचं राहिलं. दोनशे अकरा सापडले. छापखान्याच्या गल्लीतला एक सापडत नाही. तीनदा डांबर पडलंय, कान लावून लावून माझा कान काळा झाला. तुम्ही तो बंद केलात त्या दिवशी मी शेजारीच उभा होतो, पण नेमकी ही तुमचा डबा घेऊन तिथे आली होती आणि आमचं लग्न तेव्हा ठरायचं होतं, त्यामुळे वॉल्व्हकडे माझं लक्ष नव्हतं. छापखान्याच्या दारापासून किती पावलं आणि कुठल्या बाजूला, एवढं एका ओळीत कळवा. उत्तर ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा. घरच्या पत्त्यावर पाठवलंत तर ही वाचेल, आणि तो दिवस मला पावलापावलाने पाठ आहे असं मी तिला आजवर सांगत आलोय.

ता. क. दुसरा : बुधवारच्या आत कळवा, त्या दिवशी नकाशा मोठ्या साहेबांकडे जातो. दोनशे बारा वॉल्व्ह प्रत्यक्ष पाहिले म्हणून मी सोमवारीच सही केली आहे. सगळे बघत होते, साहेबांनी स्वतःचं पेन पुढे केलं, काय करणार. तेव्हा वॉल्व्ह तिथे असायलाच हवा. नसला तर तसं कळवू नका.