बाबांची स्मूदी

मंगळवार, संध्याकाळ. ओसाका.

लिहायचीसुद्धा लाज वाटतेय. मी दुपारची जेवत नाही, हे बाबांना पुण्याहून आल्यापासून खुपत होतं. आज ते एकटेच कोपऱ्यावरच्या कोम्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात गेले. जपानीचा गंध नसताना नुसती बोटं दाखवून फ्रोजन आंबा, अननस आणि दोन केळी घेऊन आले. आई होती तोवर या माणसाने कधी चहाही केला नव्हता. मी ऑफिसच्या कॉलवर होते आणि आत मिक्सर सुरू झाला.

"बाबा, अक्कल आहे का तुम्हाला? बंद करा ते."

माइक चालू होता. मराठी कुणाला कळलं नसेल, पण सूर कळलाच असणार. कॉलच्या शेवटी माझ्या टीममधल्या सातो-साननी हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? मी म्हणाले, "तेरेबी." म्हणजे टीव्ही. हा शब्द कळायला जपानी यावं लागत नाही. बाबा दारातच उभे होते. हातात ग्लास, ग्लासवर बशी झाकलेली.

बशी कशाला? म्हणजे मी मोकळी होईपर्यंत थांबायचंच ठरवलं होतं त्यांनी. आणि मी त्यांना टीव्ही करून टाकलं.

ग्लास घेतला. सॉरी म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "कशी केलीत हो?"

बाबा खुलले. "आधी दूध, मग आंबा. फळं गारच असतात, बर्फ लागत नाही. दोन मिनिटांत होते."

मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. सॉरी राहूनच गेलं.