मिस्टर प्रायर गल्लीत आले की

३ ऑक्टोबर १९१७

निर्लज्ज सरकार! मुलगा मेल्याची तार आईच्या हाती द्यायची यांची छाती होत नाही – ती पाद्र्याच्या गळ्यात मारतात. आता इंग्लिश चर्चचे मिस्टर प्रायर बाहेर पडले की गल्लीत धडाधड पडदे ओढले जातात. कुणाच्या बारशाचं विचारायला निघाले असले तरी बायका दाराला कडी घालतात!

माझ्याकडे ते येणार नाहीत. मी कॅथलिक. शिवाय माझं कुणी लढाईवर नाही. माझं कुणी कुठेच नाही.

५ ऑक्टोबर

दिवसभरात फक्त खाटकाशी बोलले. तेही भांडण होतं.

८ ऑक्टोबर

कमाल झाली! मटार सोलत बसले होते, तर मागच्या कुंपणावरून शेजारच्या मिसेस केर्सलेक घागरा सावरत माझ्या अंगणात उतरल्या. वर्षभर अबोला. गेल्या साली सक्तीच्या लष्करभरतीवर मतदान झालं, मी ‘नाही’ म्हटलं आणि चारचौघांत सांगितलंही – तेव्हापासून माझ्या दारावर थुंकायच्याच बाकी होत्या. त्यांचा एकुलता एक बर्ट बेल्जियमच्या आघाडीवर आहे. मी शाळेत शिकवत होते तेव्हा माझ्याच वर्गात होता. अक्षर म्हणजे कोंबडी नाचून गेलेली!

“प्रायर येताहेत,” धापा टाकत म्हणाल्या.

“मग?”

“तुमच्या घरात ते पाऊल टाकणार नाहीत. तुम्ही पोपवाले.”

“आणि तुम्ही टाकलंत ते?”

“बसू की नको, तेवढं सांगा, मिस हॅनन!”

बसवलं. चहा दिला. माझ्या मेरीमातेच्या तसबिरीकडे पाठ करून प्यायल्या. प्रायर कोपऱ्यावरच्या घरी गेले. “देवा, उपकार झाले,” त्या म्हणाल्या. तेवढ्यात त्या घरातून किंकाळी आली. त्यांनी तोंडावर हात दाबला.

१२ ऑक्टोबर

पुन्हा आल्या. पुन्हा कुंपणावरून.

“चहा फार पाणचट करता तुम्ही.”

“युद्ध चालू आहे.”

“हे तुम्हाला आत्ता कळलं!”

हसल्या. मीही. प्रायर पोस्टाकडे निघून गेले तरी तासभर बसल्या होत्या. बर्ट म्हणे फ्रेंचमध्ये अंडी मागायला शिकलाय. माझ्याकडे सात वर्षांत धड इंग्रजी शिकला नाही!

१५ ऑक्टोबर

प्रायर आले नाहीत. म्हणून त्याही नाहीत. केक भाजला होता. दुपारभर खिडकीशी बसून मी त्या माणसाची वाट पाहिली. आणि मग लक्षात आलं, मी कशाची वाट पाहतेय ते! कुणाच्या तरी पोराच्या मरणाची. कशाला तर – समोर कुणीतरी बसून चहा प्यावा म्हणून.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर म्हणायच्या, “हॅनन, तुझी जीभ तुझ्याआधी नरकात पोचेल.” जिभेचं सोडाच, सिस्टर.

केक कोरडा झाला होता. एकटीने खाल्ला.

१९ ऑक्टोबर

शेवटी आज मीच कुंपणापाशी गेले. म्हटलं, “चहाला या. प्रायर नसले तरी.”

“उगाच कशाला?” वाळत घातलेल्या चादरीआडून उत्तर. “लोक काय म्हणतील?”

लोक! घाबरून पळत यायचं चालतं. नुसतं यायचं चालत नाही!

२३ ऑक्टोबर

त्या माझ्या स्वयंपाकघरात होत्या. प्रायरनी त्यांचं दार वाजवलं. बराच वेळ थांबले. मग आमचं फाटक वाजलं. पायऱ्या चढून माझ्या दारात उभे राहिले, टोपी काढली.

“मिसेस केर्सलेक तुमच्याकडे आहेत का?”

आत कपातला चमचा थांबला.

“नाहीत,” मी म्हटलं, आणि दार लावून घेतलं.