खालून कापलेली ओळ

४ मार्च
नकारच आहे. दुजोरा: यास्मिन मुजावर, जयसिंगपूर, सकाळी फोनवर.

पुस्तकाला प्रकाशक शोधून देणाऱ्या मुंबईच्या एजंटचे पत्र मी गेले काही दिवस होकार समजून बसलो होतो. 'अत्यंत आनंदाने वाचले', 'असा आवाज दुर्मीळ', 'वाचायला दिल्याबद्दल ऋणी'. यास्मिन कॉलेजात इंग्रजी शिकवते, माझी कादंबरी तिनेच इंग्रजीत आणली, म्हणून तिला पूर्ण वाचून दाखवले. "सर, पुढं काय करायचं ते यात कुठं लिहिलंय?"

कुठेच नव्हते.

आयुष्य वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेले. मंत्र्याने 'गांभीर्याने दखल घेतली आहे' म्हटले की काही होणार नाही, हे कळायचे. स्वतःच्या पत्रात कळले नाही.

५ मार्च
सौ.ने शाहूपुरीत भावाला होकार आल्याचे आधीच सांगून टाकले होते. त्याने दुकानातल्या गिऱ्हाइकांना. आज मेहुण्याचा फोन, प्रकाशन कुठल्या हॉलमध्ये. म्हटले, ठरायचे आहे अजून. सौ. शेजारीच उभी. नंतर एवढेच म्हणाली, "आता परत फोन करून सांगायचं, का आपोआप कळू द्यायचं?" आपोआप.

२३ मार्च
गडमुडशिंगीला दिनूकडे. शाळेपासूनचा मित्र, शेती, दूध. पुस्तकाला एजंट लागतो हेच त्याला पटेना. "मर्दा, आमच्यात म्हशीला असतोय." पत्र मराठीत सांगितले. धार काढता काढता ऐकत होता.

"पावणं पोरगी बघून गेलं आन् म्हणालं, पोरगी लई गुणाची हाय, तिला चांगलं स्थळ मिळंल. म्हंजे काय?"

"नकार."

"मग? गोड बोलला की न्हाय समजायचं आन् पुढच्या घरी जायचं."

येताना बरे वाटत होते. एक नियम तरी मिळाला.

१९ एप्रिल
बंगळूर. दुसरे उत्तर. 'कौतुक वाटले, पण प्रेमात पडले नाही.' सौ. म्हणाली, प्रेमात पडायला कुणी सांगितलं होतं त्यांना.

दिनूच्या नियमाने वाचले. 'सध्या बाजार अवघड' म्हणजे न्हाय. 'योग्य हातांत नक्की पडेल' म्हणजे न्हाय, आणि हात आमचे नव्हेत. यास्मिनला फोनवर म्हटले, मला आता ही भाषा येऊ लागली. ती हसली नाही.

तिचे बरोबर आहे. माझे लिहून झाले होते. तिचे दोन वर्षांचे रविवार गेले आहेत यात. सकाळच्या रेल्वेने यायची, दिवसभर एकेका वाक्यावर माझ्याशी भांडायची. कादंबरी एस.टी. स्टँडवरच्या उद्घोषकाची, नाव 'गाडी लागली आहे'. इंग्रजीत गाडी लागत नाही. मराठीत दोन तऱ्हेने लागते, त्यातल्या एकीत उलटी होते. या एका शब्दासाठी ती स्टँडवर जाऊन बाकावर बसून राहिली होती. शेवटी तिने काढलेला शब्द माझ्यापेक्षा चांगला आहे. तिचे हे पहिले पुस्तक. एकदा म्हणाली होती, मुखपृष्ठावर नाही आलं तरी चालेल, आत कुठेतरी माझं नाव छापलेलं बघायचंय. माझे नाव रोज छापून येत होते, इतके की मला त्याचे काही...

११ जून
दिल्लीच्या एजंट बाईंचे उत्तर. हे जरा लांब. पहिल्याच परिच्छेदात, 'या स्वरूपात मला हे पुस्तक स्वीकारता येणार नाही, याचे मनापासून वाईट वाटते.' बातमी तिथे संपली. खाली बरेच काही. उद्घोषकाची बायको, प्रकरण ६, पुन्हा पाहायला आवडेल वगैरे. शेपूट.

यास्मिनला मेसेज: दिल्ली नकार. नेहमीचाच.

तिचे उत्तर: बरं सर.

६ जुलै
यास्मिन येऊन गेली. कॉलेजात परीक्षा विभागाचे काम घेणार का विचारत होते, ती टाळत होती. आता हो म्हणाली. रविवार जाणार. "थोडं थांबूया सर." मीही लगेच मान डोलावली, समजूतदारपणे. निघताना "येते" म्हणाली. आपल्याकडे सगळेच म्हणतात.

सौ. मग म्हणाली, तुम्ही जरा अडवायचं होतं तिला.

१२ ऑक्टोबर
यास्मिनचा फोन, बऱ्याच दिवसांनी. मुलांना नम्र नकाराची पत्रे शिकवायची आहेत, आपली तिन्ही जशीच्या तशी पाठवा म्हणाली. पाठवली. म्हटले, कुणाच्या तरी उपयोगी पडली. गंमत वाटली.

१३ ऑक्टोबर
यास्मिन दुपारी दारात. रजा टाकून आली. चपला काढायच्या आधी विचारले, "दिल्लीचं पत्र तुम्ही शेवटपर्यंत वाचलं होतं का सर?"

म्हटले, वाचले होते.

ती सोफ्यावर बसली नाही. उभ्यानेच शेवटचा परिच्छेद वाचला, आधी इंग्रजीत, मग मराठीत, माझ्याकडे न बघता. 'हे पुस्तक खरे सुरू होते प्र. ६ मध्ये, उद्घोषकाची बायको स्टँडवर येते तिथून. तिथून सुरू करून पुन्हा लिहिणार असाल तर दिवाळीच्या आत पाठवा, मी वाट पाहीन. असे मी सर्वांना लिहीत नाही.'

मी म्हटले, हा शिष्टाचार असतो.

"शिष्टाचाराला मुदत नसते, सर. त्यांनी मुदत दिलीय."

जन्मभर मुदतीवर जगलो. एकदाही पान छपाईला उशिरा सोडले नाही.

डेस्कवर शिकलो ते असे: महत्त्वाचे ते पहिल्या परिच्छेदात. जागा कमी पडली तर बातमी खालून कापायची, डोळे मिटून, खाली काही नसतेच. हात इतका बसला की पत्रसुद्धा तसेच वाचतो. पण संकोची माणूस उलटा लिहितो. अवघड असेल ते आधी सांगून मोकळा होतो आणि मनातले शेवटी ठेवतो. त्या बाईंनी तसे लिहिले. मी ते खालून कापले आणि उरले ते यास्मिनला पाठवले.

"तुम्ही 'नेहमीचाच' लिहिलं होतं," ती म्हणाली. "मी त्याच्यावर विभागाचं काम घेतलं."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरे झाले असते. सौ.ने चहा दिला, तो मात्र घेतला तिने.

१५ ऑक्टोबर
प्र. ६ पासून वाचून काढले. बाई बरोबर आहेत. पहिली पाच प्रकरणे उद्घोषकाच्या बापजाद्यांची. ती मला आवडतात म्हणून आहेत, एवढेच. दिवाळी पुढच्या आठवड्यात. मराठी, मग इंग्रजी, होणे नाही.

दिनूला सांगितले. फोनवर मागे म्हशींचा आवाज.

"म्हंजे पावणं हो म्हणालं हुतं व्हय?"

"अर्धं."

"आन् तू दार लावलंस."

"तूच म्हणाला होतास की, गोड बोलला की..."

"मी म्हशीवाला मानूस. पत्रं कुणाला येत्यात, मला का तुला?"

१७ ऑक्टोबर
दिल्लीच्या बाईंना पत्र. मी लिहिले होते, 'काही अपरिहार्य अडचणींमुळे विलंब झाला.' यास्मिनने फोनवर ते काढायला लावले. काय लिहू मग? "पत्र नीट वाचलं नाही, असं लिहा." लिहिले. पहिल्याच ओळीत. जानेवारीपर्यंत वेळ मागितला. इंग्रजी तिने केले, मी एक शब्द बदलला नाही. पाठवले.

२४ ऑक्टोबर
बाईंच्या सहायकाचे उत्तर. बाई रजेवर. नवी पुस्तके घेणे तूर्त बंद. आपले पत्र त्यांच्यासमोर ठेवू.

आधी आपापले वाचायचे, मग बोलायचे, असे केले. मला नकार दिसला. यास्मिनला अजून काहीच दिसत नाही. 'ठेवू' लिहिलंय, 'ठेवता येईल' नाही, असे तिचे म्हणणे. मी वाद घातला नाही. माझ्या वाचनावर मीच आता...

२ नोव्हेंबर
यास्मिन आली. विभागातून एवढा एक रविवार मागून घेतला. उत्तराची वाट न बघता प्र. ६ चे पहिले पान घेतले. उद्घोषकाची बायको गर्दीतून नवऱ्याचा आवाज ऐकत उभी आहे, खिडकीकडे जात नाही. हीच सुरुवात. इतकी वर्षे समोर होती.

काम भराभर झाले. तेच खटकले. मी सुचवेन त्याला ती "चालेल सर" म्हणत होती. पूर्वी एका स्वल्पविरामासाठी दुपार घालवायची, सौ. स्वयंपाकघरातून विचारायची, भांडण मिटलं का, ताटं वाढू का. आज शेवटी मुद्दाम एक भिकार वाक्य सुचवून पाहिले.

"चालेल सर."

या 'चालेल'चा अर्थ विचारायचे धैर्य झाले नाही. संध्याकाळच्या गाडीला सोडून आलो.

८ नोव्हेंबर
सहायकाचे दोन ओळींचे पत्र. बाई सोमवारी कामावर येतील, आठवड्याभरात स्वतः कळवतील. यास्मिनला वरपासून खालपर्यंत जसेच्या तसे पाठवले. सोबत लिहिले की बाईंचे उत्तर आले की आधी तू वाच, मग मला सांग.

उद्या रविवार. येणार का विचारले. रात्री उत्तर: 'बघते सर.'

सौ.ला फोन दाखवला. तिने वाचला, परत दिला. "उद्या भात दोघांचा लावू का तिघांचा?"

म्हटले, तिघांचा लाव.