डोकं भादरण्याचा खर्चा

१८ जानेवारी २००४
न्हाव्याला पंधरा रुपये. खरा खर्चा, एक मावशी.
काखेतल्या गाठीचा कॅन्सर निघाला, लिम्फोमा. किमोने केस गळू लागले. कुणाच्या ध्यानात यायच्या आत मीच डोकं भादरलं, मिशीसकट. तर अर्धं घनसावंगी भेटायला आलं, कोण गेलं म्हणून. आदिलाबादची मावशी, म्हणालो. अशी मावशी मला नव्हतीच. पण आजाराचा घरात बिलकुल कुणाला पत्ता न्हाई. तीस वर्षं कीटकनाशकं विकलीत, एवढं जमतं.

९ फेब्रुवारी
औरंगाबाद. घरी सांगितलं, कंपनीची मिटिंग. गाठ हटेना. डॉक्टर म्हणाले, काचेच्या नळीत कॅन्सरच्या याच पेशी औषधाने मरतात, अंगात मरत न्हाईत. त्यांच्या अंगावर चिकटायची प्रोटीन्स असतात. त्यांनी त्या शेजारच्या चांगल्या पेशींना धरून बसतात, आणि शेजारीच त्यांना जगवतात. म्हणालो, पानाखालची कीड, फवारा वरून जातो. पकड सोडवायचं औषध द्या की. म्हणाले, ते अजून प्रयोगात आहे.
निश्चय : रोज चार किलोमीटर चालणे. अंग हललं की चिकटलेलं सुटणारच.

१० फेब्रुवारी
चप्पल चावते.

११ फेब्रुवारी
स्टँडपर्यंत गेलो. जीपने परत.

२४ फेब्रुवारी
शेजारचे हार्डवेअरवाले रामराव म्हणाले, महिना झाला, केस का येईनात? धाकटी मावशी मारावी लागली. बायको म्हणाली, आदिलाबादला साथ आली काय?
मंग फोनवर बहिणीला सांगत होती. माझे कान शाबूत आहेत. म्हणे, मला काही कळत न्हाई असं यांना वाटून राह्यलं. वाटू दे, तेवढाच आधार. लाइटबिलाचं बोलत असावी.

८ मार्च
चौथा किमो झाला. दोन दिवस पोटात पाणीसुद्धा ठरलं न्हाई. डॉक्टर म्हणाले, हे औषध आता थांबवू. म्हणजे काम झालं. जास्त खोदून विचारलं न्हाई.

२० एप्रिल
केस आले. काळे. रामरावांना दुकानात बोलावून डोक्यावरून हात फिरवायला लावला. रोग हटला, पकड सुटली. मिशीला तेल लावलं.

२७ एप्रिल
औरंगाबाद. बायको जीपमध्ये आधीच बसल्ती. मिटिंगला बायका चालत न्हाईत, म्हणालो. म्हणाली, या मिटिंगला चालतात.
डॉक्टरांना केस दाखवले. म्हणाले, औषध बंद केलं की केस येतातच. मंग काखेतली गाठ मोजली. जानेवारीत चार सेंटीमीटर होती. आज साडेपाच.